युनिटची बेरीज नव्हे, विषयांचा क्रम पाहा

स. न. वि. वि.

फ्रीमाँटहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपल्या मुलाने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात) एक वर्ष पूर्ण केले असून त्याची तीस सेमिस्टर युनिट (श्रेयांक) जमली आहेत. त्यांत कॅल्क्युलसचे दोन भाग, रसायनशास्त्र आणि इंग्रजी यांचा एकेक विषय आणि बाकी इतिहास, मानसशास्त्र असे सामान्य शिक्षणाचे विषय आहेत. फिजिक्स अजून सुरू झालेले नाही. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या भागात सी ग्रेड मिळाल्यामुळे तो विषय पुन्हा घ्यावा का, सामान्य शिक्षणाचे उरलेले विषय आधी संपवावेत का, आणि पुढच्या वर्षी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिसला मेकॅनिकलमध्ये जाऊन त्यापुढच्या दोन वर्षांत पदवी मिळेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सी किंवा त्याहून वरचा ग्रेड मिळालेला विषय केवळ गुण सुधारण्यासाठी पुन्हा घेऊ देत नाहीत, आणि यूसीही असा पुन्हा घेऊन मिळवलेला ग्रेड जमेस धरत नाही. झाले ते झाले. कॅल्क्युलसच्या तिसऱ्या भागात, डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये आणि फिजिक्समध्ये तो काय करून दाखवतो, यावर आता त्याच्या अर्जाचे वजन ठरेल.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बरीच मुले याच ठिकाणी अडकतात. आपल्या यजमानांनी महाराष्ट्रात पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला, म्हणून इथेही तसेच असेल असे त्यांना वाटते. तिथे पदविकेचे गुण आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया यांवर काम भागते. कॅलिफोर्नियात मुलगा थेट तिसऱ्या वर्षात जातो, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांतले कोणकोणते विषय त्याने केले आहेत, हे प्रत्येक कॅम्पस शाखेनुसार तपासतो. साठ सेमिस्टर युनिट ही केवळ अर्जाची किमान अट आहे. कॅल-जेटेक हा सामान्य शिक्षणाचा संच मानव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडतो. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तो संपवण्यासाठी फिजिक्स मागे ठेवले, तर साठ युनिट होऊनही तो तिसऱ्या वर्षासाठी तयार नसतो. सामान्य शिक्षणातले इंग्रजी लेखनाचे दोन विषय मात्र यूसीला अनिवार्य असतात, म्हणून राहिलेला दुसरा विषय याच वर्षी उरकावा.

अभियांत्रिकीचे विषय एकात एक गुंतलेले असतात. कॅल्क्युलसवर आधारलेल्या फिजिक्सचे साधारण तीन भाग असतात, पहिल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि स्टॅटिक्सला (स्थिर वस्तूंवरील बलांच्या विषयाला) बसण्यासाठी फिजिक्समधला यांत्रिकीचा (मेकॅनिक्सचा) भाग आधी झालेला लागतो. विजेचा भाग झाल्याशिवाय सर्किट्सचा विषय मिळत नाही. शिवाय लहान कॉलेजांत असे विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात, त्यामुळे एक सेमिस्टर चुकले तर वर्ष जाते. आपल्या मुलाने येत्या फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रात) यांत्रिकीपासून सुरुवात केली, तरी फिजिक्सचा तिसरा भाग त्यापुढच्या फॉलच्या आधी नीट बसत नाही. बाकी राहिलेले मुख्य विषय प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात करू, अशी भिस्त ठेवू नये, कारण कॅम्पस ते स्प्रिंगपर्यंत पूर्ण झालेले पाहतात.

म्हणून त्याने कम्युनिटी कॉलेजात तिसरे वर्ष काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने ही वाट मुद्दाम आखून दिली आहे, आणि पुण्यातल्या नातेवाइकांना काय सांगायचे हा प्रश्न पदवी हाती आल्यावर आपोआप सुटतो. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, तेव्हा जादा वर्षाचा खर्च यूसीत रेंगाळलेल्या एका वर्षापेक्षा कितीतरी कमी असेल.

आता काउन्सेलरला भेटताना मुलाने असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावरून आपले कॉलेज आणि डेव्हिस, मर्सेड, सॅन होजे स्टेट अशा तीन-चार ठिकाणचे मेकॅनिकलचे करार (कॉलेजातला कोणता विषय तिथल्या कोणत्या विषयाच्या जागी चालतो, याच्या याद्या) छापून न्यावेत आणि पुढच्या चार सेमिस्टरचा आराखडा त्यांवरूनच करून घ्यावा. ‘टॅग’ ही प्रवेशहमी सहा यूसी कॅम्पस देतात आणि तिचा अर्ज सप्टेंबरात एकाच कॅम्पसला करता येतो. मात्र अभियांत्रिकीच्या काही शाखा तिच्यातून वगळलेल्या असतात, आणि सांता बार्बराचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही हमी देतच नाही. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा असतो.

तिसरा प्रश्न प्रवेशानंतरचा आहे. पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ यूसी कॅम्पसपैकी बर्कली आणि मर्सेड सोडून बाकी सगळे क्वार्टर पद्धतीने चालतात. सेमिस्टरची सवय असलेल्या मुलाला दहा आठवड्यांत विषय संपतो हे कळेपर्यंत पहिली परीक्षा होऊन गेलेली असते. पहिल्या सत्रात गुण घसरण्याचा अनुभव ट्रान्सफर विद्यार्थ्यांना इतका सर्रास येतो की त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असे नावच पडले आहे. त्या सत्रात तांत्रिक विषय दोनच घ्यावेत आणि तिसरा सामान्य शिक्षणाचा घ्यावा. हे विषय आधीच संपवू नका असे मी म्हणतो, त्याचे हे दुसरे कारण आहे: नाहीतर पुढे फक्त जड विषयच उरतात. आपल्या कॉलेजात मेसा (गणित, अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मदत करणारा कार्यक्रम) केंद्र असेल आणि मुलगा पात्र असेल, तर त्याने आताच नाव नोंदवावे. तिथला गट करून अभ्यास करण्याचा सराव डेव्हिसला उपयोगी पडेल. पुढे सर्व सुरळीत झाले तर दोन वर्षांत पदवी शक्य आहे, पण एखादे सत्र जास्त लागेल असे धरून पैशांचे नियोजन करावे.

पत्रात व्हिसाचा उल्लेख नाही, तरी लिहितो. मुलगा एच-४ वर (एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर) असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो आणि शिक्षण चालू ठेवण्यासाठी बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्याचा परिणाम फीच्या दरावर होऊ शकतो. वर मी सुचवलेले तिसरे वर्ष त्या तारखेच्या अलीकडे येते की पलीकडे, हे इमिग्रेशन वकिलाकडून आणि कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाकडून या महिन्यातच समजून घ्यावे, कारण दर्जा बदलण्याच्या अर्जाला बरेच महिने लागू शकतात.