मे महिन्याची सुट्टी पुण्यातल्या घरीच राहून, कमी खर्चात कुटुंबासह कशी घालवावी?

दोन शाळकरी मुले, सोबत आपल्या आई, आठवडाभराची रजा आणि यंदा बाहेरगावचा खर्च झेपणार नाही, अशी आपली अडचण आपण लिहिली आहे. माझे मत असे की फिरण्याची ठिकाणे शोधण्याआधी स्वयंपाकघराची व्यवस्था लावावी. बाहेरगावी जे सुख मिळते त्यातला मोठा वाटा समुद्राचा किंवा डोंगराचा नसतो, तर सकाळी उठल्याबरोबर ‘आज भाजी कोणती’ हा प्रश्न पडत नाही याचा असतो. घरच्या सुट्टीत मात्र सगळे दिवसभर घरात असल्याने चहा-खाण्याच्या फेऱ्या वाढतात आणि जिच्यावर त्यांचा भार पडतो तिला रजा मिळतच नाही. म्हणून प्रवासाचे जे पैसे वाचतील त्यातील थोडे पोळी-भाजी केंद्रावर खुशाल खर्च करावेत, आणि रात्रीची खिचडी किंवा पिठलं-भात मुलांना हाताशी घेऊन पुरुषांनी करावा. ‘घरीच आहोत तर’ म्हणून बँकेची आणि दुरुस्तीची कामे या आठवड्यात काढू नयेत.

आई घरात आहेत, तर त्यांच्या देखरेखीखाली कुरडया करा. पहिल्याच दिवशी गहू भिजत घालावेत, तीन दिवस रोज पाणी बदलावे, मग ते वाटून, गाळून चीक रात्रभर ठेवावा. सकाळी वरची निवळी ओतून दिली की तळाशी घट्ट पांढरा चीक उरतो. चिकाइतके पाणी मीठ आणि हिंग घालून उकळायचे, त्यात चीक ओतायचा आणि गुठळी होऊ न देता घोटत राहायचे. हे जोराचे काम मोठ्यांचे. चिकाला चकाकी आली की मुले वाट्या घेऊन उभी राहतातच, कारण तूप-साखर घातलेला गरम चीक हाच या उद्योगाचा खरा मोबदला आहे. सोऱ्या मोठ्यांनी दाबावा आणि गच्चीवरच्या कागदावर वेटोळी नीट पडतात की नाही हे मुलांनी पाहावे. वेडीवाकडी झालेली कुरडईसुद्धा तळल्यावर तितकीच फुलते. ऊन चढण्याआधी हे आटोपावे आणि वळवाचा पाऊस सुरू होण्याआधीचा आठवडा निवडावा.

रजा १३ मेच्या आसपास घेता आली तर आणखी एक गंमत फुकटात पाहता येईल. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या सुमारास सूर्यही तितकाच उत्तरेला आलेला असतो, त्यामुळे भर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली क्षणभर दिसेनाशी होते. ही वेळ बाराची नसून साडेबाराच्या आसपासची असते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला मुलांना सांगावे. (जुलैच्या अखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते.)

भटकंती मी सकाळपुरतीच ठेवीन. एक दिवस वेताळ टेकडी, एक दिवस जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर. एकाच कातळात कोरलेले ते आठव्या शतकातील लेणे आणि समोरचा गोल नंदीमंडप अनेक पुणेकरांनी रस्त्यावरून जाता-येताही आत शिरून पाहिलेला नसतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयाला तिकीट आहे, तरीही दिवे, अडकित्ते आणि मस्तानी महाल यांसाठी ते जरूर पाहावे. दुपारी पन्हे आणि पत्ते पुरेसे होतात. मेंढीकोटाला चौघे लागतात, तेव्हा आजींना जोडीदार म्हणून आधीच ठरवून टाकावे.