मुख्यसेविका की प्रकल्प अधिकारी?

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गरीब कुटुंबांतील माता व बालकांसाठी शासकीय सेवेत राहून काम करण्याची इच्छा आहे. मुख्यसेविका पदाची तयारी करावी, की थेट बालविकास प्रकल्प अधिकारी पदाची? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ही दोन्ही पदे एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या या योजनेतून सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी इत्यादी सेवा मिळतात. कुटुंबांशी रोजचा संबंध मात्र येतो तो अंगणवाडी सेविकेचा, आणि तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. ही विसंगती या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकीने आधीच जाणून घ्यावी.

प्रकल्प अधिकाऱ्याची निवड राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते, परंतु त्या पदावरील बराच वेळ निधी, आहारपुरवठा, रिक्त जागा आणि बैठका यांतच जातो. आपल्या पत्रातील कळकळ पाहता मला मुख्यसेविकेचे पद अधिक योग्य वाटते. ग्रामीण भागात हे पद जिल्हा परिषदेकडे असते. साधारण पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख, सेविकांना मार्गदर्शन आणि गृहभेटी हे तिचे काम. वजन-उंचीची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या शासकीय अॅपवर भरली म्हणजे काम झाले, असे मानणारी मुख्यसेविका निरुपयोगी ठरते. कारण दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित गणले जाते, आणि त्याला गावातल्याच ग्राम बालविकास केंद्रात दाखल करायचे की रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे, हा निर्णय घाईघाईने भरलेल्या नोंदीवरून चुकू शकतो. शिवाय आई मजुरीला जात असेल, तर मुलाजवळ केंद्रात थांबणार कोण, हा प्रश्न कोणत्याही अॅपमध्ये सुटत नाही. त्यासाठी घरी जाऊन सासूशी, नवऱ्याशी बोलावे लागते. समाजकार्याचे शिक्षण नेमके इथे उपयोगी पडते.

शैक्षणिक अर्हता, वयोमर्यादा आणि परीक्षेचे स्वरूप प्रत्येक जाहिरातीत तपासून घ्यावे. तोपर्यंत क्षेत्रकार्यासाठी जवळच्या एखाद्या प्रकल्पाची परवानगी मागून सेविकेबरोबर वजन घेण्याच्या दिवशी उपस्थित राहावे आणि त्यानंतर निदान दोन-तीन घरी तिच्यासोबत जावे.