व्हेपरफ्लाय ३ की ४? शर्यतीच्या बुटांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नायकेचा शर्यतीचा बूट व्हेपरफ्लाय ३ घालून दोन मॅरेथॉन पळालो, बूट छान मानवला. आता ४ आलाय. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी डोळे झाकून तोच घेऊ का? लक्ष्य साडेतीन तासांचं आहे. (ठाणे)

डोळे झाकून नको. नाव तेच असलं तरी बूट बराच बदलला आहे. ३ मध्ये टाचेखालची जाडी जवळपास ४० मिमी होती. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. २०२५ मध्ये आलेल्या ४ मध्ये ही जाडी साधारण ३५ मिमी आहे आणि टाच-चवड्याच्या उंचीतला फरक ८ वरून ६ मिमीवर आलाय. तळातला झूमएक्स हा हलका, उसळता फोम कायम आहे, पण तो कमी झाल्यामुळे बूट हलका झालाय आणि पायाखाली जास्त स्थिर वाटतो. दहा किमी किंवा हाफसाठी हा बदल चांगलाच म्हणायचा.

फुल मॅरेथॉनचं गणित वेगळं. साडेतीन तासांत साधारण ३५ हजार पावलं पडतात, आणि पेडर रोडचा चढ येतो तो पाय थकल्यावर. तिथे पाच मिमी फोमची उणीव जाणवू शकते. टाच खाली आल्यामुळे पोटरी आणि ॲकिलिसवर (टाचेमागच्या शिरेवर) थोडा जास्त ताणही येतो.

तुमच्या ३ वर दोनशे किमीच्या आतच धाव झाली असेल, तर आम्ही म्हणू जानेवारीत तोच घाला. ४ घ्यायचाच असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घ्या. पहिल्यांदा ८ किमी पळा, त्यातले ३ शर्यतीच्या वेगाने. दोन दिवस पोटरी कशी राहते ते बघा. आठवड्याभराने १५ किमी. मग २४ किमीची लांब धाव, त्यातले शेवटचे १२ प्रतिकिमी पाच मिनिटांच्या आसपास. या धावेनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटरी नेहमीपेक्षा जास्त ओरडत असेल तर शर्यतीला जुनाच बूट बरा. आणि पाण्याच्या टेबलापाशी रस्ता ओला असतो, तेव्हा ओल्या डांबरावर पकड कशी आहे तेही आधीच तपासून ठेवा.

प्रश्न : प्रत्येक नव्या आवृत्तीत तळातली कार्बन प्लेट (ताठ पट्टी) ‘सुधारली’ असं सांगतात. त्याने खरंच फरक पडतो का? (नाशिक)

जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. संशोधकांनी व्हेपरफ्लायच्या प्लेटला चवड्याखाली करवतीने आडवे काप देऊन तिचा ताठपणा घालवला आणि धावपटूंना पळवलं. ऊर्जेचा खर्च जेमतेम अर्धा टक्का वाढला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. या बुटातली मोठी कमाई फोमची आहे. म्हणून नवी आवृत्ती बघताना आधी फोम बदललाय का, जाडी किती आणि वजन किती, हे विचारा. प्लेटचं कौतुक नंतर.

प्रश्न : माझा वेग प्रतिकिमी सहा मिनिटं आहे. व्हेपरफ्लायने चार टक्के बचत होते म्हणतात, मलाही ते चार टक्के मिळतील का? (कोल्हापूर)

२०१७ च्या पहिल्या व्हेपरफ्लायवर चार टक्के मोजले गेले ते ताशी १४ ते १८ किमीने पळणाऱ्या १८ धावपटूंवर, आणि तेही ऊर्जेतली बचत म्हणून. वेळेत तेवढीच बचत होईल असं नाही. नंतरच्या एका चाचणीत ताशी १२ किमीला सरासरी १.४ टक्के, तर तुमच्या वेगाला म्हणजे ताशी १० किमीला ०.९ टक्के बचत दिसली. शिवाय माणसागणिक फरक खूप. काहींना तोटाही झाला. केवळ वेळेसाठी एवढे पैसे घालू नका. लांब धावेनंतर पाय कमी दुखतात असा अनुभव आला, तर तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : जुन्या आवृत्तीचाच नंबर ऑनलाइन मागवला तर चालेल? (नागपूर)

त्यावर विसंबू नका. वरचं कापड आणि साचा बदलला की तोच नंबर चवड्यात आवळतो. यूके आणि यूएस नंबरांचा गोंधळ टाळायला डबीवरचा सेंटिमीटरचा आकडा जुळवा. बूट संध्याकाळी, शर्यतीचेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. टाच सुटत असेल तर लेस सर्वांत वरच्या भोकातून परत आत ओवून फास करा. तरीही सुटली तर बूट परत पाठवा. म्हणून पहिली चाचणी घरातल्या फरशीवरच करा.

प्रश्न : नवा बूट वापरायला लागल्यापासून पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध दुखतं. सवय झाल्यावर थांबेल का? (पुणे)

वाट बघू नका, धावणं आजच थांबवा. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं हाड असतं. कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंमध्ये या हाडाला ताणाने झालेल्या इजांची नोंद २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. दुखणं साधं निघालं तरी हा बूट रोजच्या सरावातून काढा. आठवड्यातून एकदा पुरे.

प्रश्न : ४० मिमीपेक्षा जाड बूट घातला तर बाद करतात का? (सातारा)

बक्षिसाच्या स्पर्धकाला करतात. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकलेला डेरारा हुरिसा ५० मिमीच्या बुटामुळेच बाद झाला. हौशी गर्दीत सहसा कुणी मोजत नाही.

प्रश्न : जुनी आवृत्ती सवलतीत मिळतेय. घ्यावी का? किती किमी टिकेल? (मुंबई)

पायाला बसत असेल तर जरूर घ्या. बुटाच्या जिभेखालच्या लेबलवरची उत्पादनाची तारीख बघा आणि तळाचं रबर कडेला सुटतंय का ते बोटाने चाचपा. टिकण्याचं म्हणाल तर ४५० किमी वापरलेल्या अशा फोमची नेहमीच्या बुटांतल्या साध्या ईव्हीए फोमवरची आघाडी जवळपास संपलेली एका चाचणीत आढळली. म्हणून तीनशेच्या आसपास शर्यतीतून निवृत्त करा, पुढे वेगाच्या सरावाला वापरा. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल तर सरावालाही नको. आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, चिकटवलेले थर तिथेच आधी सुटतात.