मशिनी आल्या तरी दाताचं बिल कमी का होत नाही? (नागपूरच्या लॅबवाल्याकडून)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई उमरेडला राहते, खालची मागची दाढ किडलीये. नागपुरातल्या दवाखान्यात रूट कॅनाल आणि झिर्कोनियाची (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकची) कॅप सांगितली, डिजिटल स्कॅनचे पैसे वेगळे. मोबाइल, टीव्ही स्वस्त होत गेले, मग दातांच्या मशिनींनी इलाज महाग का केला, आणि परवडेल असं काही आहे का?

मी डॉक्टर नाही. नागपुरात डेंटल लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून देतो, म्हणून बिलाची मागची बाजू मला रोज दिसते. माझं मत विचाराल तर मशिनींनी दर कमी केले नाहीत, चकरा कमी केल्या. धंतोलीत, म्हणजे नागपुरातच राहणाऱ्याला चकरेचं काही वाटत नाही. उमरेडहून येणाऱ्या बाईला बसभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी आणि बाहेरचं जेवण, एवढं सगळं दर वेळी लागतं. त्यामुळे तेच मशीन एकाला महाग पडतं आणि दुसऱ्याला स्वस्त.

आधी कॅपचं सांगतो, कारण माझा हात त्यातच आहे. तोंडातच दातांचं माप घेणारा स्कॅनर नव्हता तेव्हा ट्रेमध्ये मसाला भरून दातांवर दाबायचा आणि ते माप आमचा पोरगा गाडीवरून आणायचा. चावताना कॅपवर टेकणाऱ्या समोरच्या जबड्याच्या दातांचं माप बहुतेक अल्जिनेट नावाच्या मसाल्याचं असतं. त्यात पाणी असतं. मे महिन्याच्या उन्हात ते ओल्या कापसात गुंडाळलं नाही, तर लॅबला पोचेपर्यंत आक्रसलेलं असतं. मग कॅप चावताना उंच लागते, डॉक्टर घासत बसतात, नाहीतर ती परत येते आणि पेशंटला पुढची तारीख मिळते. स्कॅनरवाल्या दवाखान्यातून कॉम्प्युटरवर फाइल येते. फाइल उन्हानं आक्रसत नाही, हे खरंच मोठं काम झालंय.

पुढचं काम झिर्कोनियाच्या गोल चकतीतून कापायचं. भट्टीत जाण्याआधी तो माल खडूसारखा असतो. मशीन कॅप मुद्दाम सुमारे २० टक्के मोठी कापतं, कारण १५०० अंशांच्या आसपास तापवल्यावर ती आटून मापात येते आणि दगडासारखी होते. एका चकतीत बऱ्याच कॅपा बसतात आणि माणसाचा हात कमी लागतो. म्हणजे लॅबमध्ये मशिनीनं खर्च खरोखर उतरवलाय.

तो उतार तुमच्यापर्यंत का येत नाही? कारण लॅबचं बिल हा तुमच्या बिलातला लहान हिस्सा असतो. बाकीच्यात दवाखान्याचं भाडं, नर्स, डॉक्टरांचं कसब आणि लाखांत घेतलेल्या स्कॅनरचे हप्ते. दिवसाला दोन कॅपा करणाऱ्या डॉक्टरनं स्कॅनर घेतला की त्याचा भार त्या दोन पेशंटांवरच पडणार, दुसरं कोण भरणार बाप्पा? त्यातून झिर्कोनियासोबत १० किंवा १५ वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मिळतं, त्याची भुरळ वेगळीच. ती वॉरंटी कॅप तुटण्याची असते. कॅपखालचा दात पुन्हा किडला तर कार्ड फ्रेम करून ठेवा.

तुमच्या आईची दाढ मागची आहे, हसताना दिसत नाही. तिथे पूर्ण धातूची कॅप चालते. ती सगळ्यात स्वस्त असते आणि तिच्यासाठी दात सगळ्यात कमी घासावा लागतो. पांढरी हवीच असेल तर आत धातू, वर सिरॅमिक अशी मिळते. झिर्कोनिया चांगलीच आहे, पण मागच्या दाढेला तिच्याशिवाय भागत नाही असं कुणी म्हणालं तर कारण विचारा. धातूच्या कॅपेत निकेल असू शकतं, म्हणून निकेलची ॲलर्जी हे एक खरं कारण आहे.

रूट कॅनालमध्ये मात्र मशीन चकरांचे पैसे वाचवतं. आरव्हीजी, म्हणजे सेन्सरवर निघणारा छोटा एक्स-रे, काही सेकंदांत पडद्यावर दिसतो आणि त्यात किरणंही फिल्मपेक्षा कमी लागतात. पूर्वी फिल्म औषधात धुवायची, धुरकट आली की पुन्हा काढायची. ॲपेक्स लोकेटर मुळाची लांबी सांगतो. मोटरवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइली, म्हणजे मूळ आतून साफ करायच्या बारीक कानशी, वाकड्या मुळातही सहज वळतात. जी दाढ चार बैठका घ्यायची, ती आता पुष्कळदा एक-दोनमध्ये होते. उमरेडवाल्यांनी या पैशात काटकसर करू नये. साध्या दाढेसाठी थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, सहसा लागत नाही.

आता स्वस्तातल्या जागेचं. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढायचा, आधी तपासणीच्या विभागात दाखवायचं, मग ते पुढे पाठवतात. काम शिकणारे डॉक्टर करतात आणि प्रत्येक टप्पा सरांना दाखवून पुढे जातात. त्यामुळे काम नीट होतं, पण वेळ लागतो आणि बैठका वाढतात. हिंगणा रोडला खासगी दंत महाविद्यालयंही आहेत, तिथेही मुलांना शिकायला पेशंट हवेच असतात. आजीला पूर्ण कवळी बसवायची असेल तर मी डोळे झाकून कॉलेज सांगेन. एका दाढेसाठी आधी चकरांचा हिशेब मांडा. चार वेळा दोघांचं येणंजाणं आणि दोघांची रोजी धरली, तर कधीकधी गल्लीतला साधा दवाखाना बरोबरीला येतो.

महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचं बरेच जण विचारतात. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर अशा मोठ्या ऑपरेशनांसाठी तिचा उपयोग होतो. दाढ भरणं, रूट कॅनाल हे रोजचं काम तिच्यात धरू नका. मेडिक्लेमही अपघात सोडून दाताला सहसा हात लावत नाही.

फोनवरून सल्ला घ्यायचा तर ई-संजीवनी ही सरकारी सेवा फुकट आहे. सूज आली, ताप आहे, तर ताबडतोब जायचं की थांबायचं एवढं तरी कळतं. कीड काही फोनवरून निघत नाही. फोनचा खरा उपयोग दुसरा. आरव्हीजी काढला की तो तिथेच व्हॉट्सॲपवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला उमरेडहून पुन्हा यावं लागत नाही आणि तोच एक्स-रे दोनदा काढावा लागत नाही.

आणि घरात कुणी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खात असेल तर त्यांना आजच आरशासमोर उभं करा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर आधी त्याचा इलाज. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गाल आतून ताठ होतात आणि मग स्कॅनरचं डोकंही मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही. अशी मापं आमच्याकडे येतात, अर्धी दाढ असते, अर्धी नसते.

आईच्या दुसऱ्या एखाद्या दातात किडीला आत्ताच सुरुवात असेल तर त्याबद्दलही विचारा. ग्लास आयोनोमर नावाची दात भरायची साधी सिमेंट असते, तिला मशीन लागत नाही, वीजही लागत नाही आणि ती फ्लोराइड सोडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

दवाखान्यात कोटेशन मागताना रूट कॅनाल, कॅप, स्कॅन आणि एक्स-रे वेगवेगळे लिहून मागा. धातूची कॅप घेतली तर एकूण किती आणि किती वेळा यावं लागेल, हेही त्याच कागदावर. आकडे इथे टाकले तर कॅपचा भाव लॅबच्या मानानं ठीक आहे की नाही, ते मी सांगेन.