'लिंबो' हा गेम नुसता दिसायला देखणा आहे, की खेळायलाही मजा येते?

तुम्ही लिहिलंय की ट्रेलर बघून गेम आवडलाय, पण तीन-चार तासांत संपतो आणि चित्रांपलीकडे त्यात काही नाही असं मित्र सांगतात, मग घ्यावा का. संपतो तेवढ्यातच, ते खरं आहे. मला चार रात्री लागल्या, पण मी रोज जेवणं आटोपल्यावर तासभरच बसायचो. 'चित्रांपलीकडे काही नाही' हे मात्र पटत नाही.

कोपनहेगनच्या प्लेडेड या स्टुडिओने २०१० मध्ये हा गेम आधी एक्सबॉक्स ३६० या गेम-कन्सोलवर आणला. सगळा काळा, पांढरा आणि करडा. संवाद नाहीत, स्कोअर नाही, काय करायचं ते सांगणारं कुणी नाही. एक मुलगा जंगलात जागा होतो. त्याचे डोळे म्हणजे दोन पांढरे ठिपके, मेला की विझतात. चालणं, उडी मारणं आणि एखादी वस्तू धरून ओढणं, एवढंच त्याला येतं. पोहताही येत नाही बिचाऱ्याला.

भारनियमनात मेणबत्तीपुढे बोटं धरून भिंतीवर हरीण, कुत्रा करणारी आमची पिढी. सावलीत वस्तूची कड तेवढी कळते, बाकी काही नाही. इथेही तेच. गवत काळं आणि गवतातला लोखंडी सापळाही काळा. त्यामुळे नुसतं बघून भागत नाही. खोका ओढून बघायचा, दोरीला लोंबकळून बघायचं, पेटी पाण्यावर तरंगते का ते बघायचं. वस्तू किती जड आहे ते हाताला कळतं आणि कोडं तिथून सुटायला लागतं.

त्यातल्या अजस्र, आठ पायांच्या कोळ्याचंच घ्या (गेम आधी खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा). सुरुवातीला झाडाआडून भाल्यासारखे पाय घेऊन तो येतो, आणि मी पहिल्यांदा चक्क खुर्ची मागे सरकवली. त्याच्या पायांच्या दणक्याने झाडावर अडकलेला सापळा खाली पडतो, तो तुम्ही ढकलत त्याच्या पायाखाली न्यायचा. पुढे पुन्हा गाठ पडते. शेवटी त्याचा एकच पाय उरतो, तोही आपण उपटतो, आणि उरलेलं धूड धोंड्यासारखं लोटत खिळ्यांच्या खड्ड्यात टाकून त्यावरून पलीकडे जातो. अर्ध्या तासापूर्वी ज्याला घाबरलो, तो आता पाय ठेवायला एक गाठोडं. मला जरा लाज वाटली, खरं सांगतो. एक शब्दही न वापरता हे जमवलंय.

नंतर जंगल सरतं आणि कारखाना सुरू होतो. करवती, चुंबक, गोल फिरणाऱ्या खोल्या, शेवटी शेवटी गुरुत्वाकर्षणच उलटं होतं. कोडी इथे जास्त पक्की आहेत, भीती मात्र पातळ होते. निऑनच्या 'हॉटेल' पाटीवर अक्षर विझलं की उडी मारायची, ही जागा मला फार आवडली. डोक्यात अळी शिरते आणि मुलगा एकाच दिशेने चालत सुटतो, उजेड अंगावर पडला की उलटा फिरतो, तेही झकास. पण शेवटच्या टप्प्यात एका ठिकाणी डोकं चालूनही बोटं चालेनात. मुकाट्याने व्हिडिओ बघितला.

मराल खूप. त्याचं काही नाही, दोन पावलं मागून पुन्हा सुरू होतं. मरण मात्र ओंगळ आहे, त्यामुळे लहान मुलं शेजारी नकोत. मोबाइलवरही मिळतो, पण मी कीबोर्डच म्हणेन. आणि दुपारी खिडकी उघडी ठेवून खेळू नका, माझ्या जुन्या लॅपटॉपवर दिवसा नुसता माझाच चेहरा दिसायचा. हेडफोन हवेतच. संगीत असं फारसं नाहीच, घरघर आणि गुणगुण आहे, पण पुढे काय आहे ते पुष्कळदा आधी कानाला कळतं.

घेतलात तर पहिल्याच दिवशी मेन्यूच्या मागचं चित्र नीट बघून ठेवा. गेम संपल्यावर ते पुन्हा बघा, आणि मग इथे या. शेवटाचा अर्थ काय यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं अजून जुळलेलं नाही.