सोयरीक कुठवर जाते? वाचकांचे प्रश्न

दहा एकर बागायत ऊस आहे, गाडी आहे, मुलगा निर्व्यसनी. चार वर्षं स्थळं बघतोय, जमत नाही. मुलीच कमी झाल्यात ना?
*एक शेतकरी, वाळवा तालुका*

झाल्यात, पण ते अर्धंच कारण. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 851 मुली होत्या. राज्याचा आकडा 913. ती मुलं आज पंचविशी-तिशीत, म्हणजे ऐन लग्नाच्या बाजारात आहेत. आपणच पेरलं होतं ते उगवलंय.

उरलेलं अर्धं असं की मुलगी आपल्यापेक्षा वरच्या घरी द्यायची, हा रिवाज तसाच राहिला आणि ‘वर’ची जागा मात्र सरकली. एकेकाळी कृष्णाकाठचा बागायतदार म्हणजे सगळ्यात वरची पायरी. आता तिच्यावर पुण्यातला पगार आणि फ्लॅट येऊन बसलेत. तुमच्याकडे यायची ती मुलगी तिकडे गेली, तुम्ही दुष्काळी तालुक्यांकडे वळलात, आणि तिथला दोन एकर जिरायतवाला परराज्यात शोधू लागला. टंचाई अशी उतरत उतरत सगळ्यात गरिबाच्या दारात थांबते.

राग मानू नका, पण तुमच्या स्वतःच्या मुलीसाठी शेतकऱ्याचं स्थळ पाहिलं होतंत का?

आमच्याकडे मुली मुद्दाम लांब देत. जुने लोक कारण सांगत नसत. अभ्यासात काही सापडतं का?
*एक शिक्षिका, माण तालुका*

सापडतं, आणि या विषयातला माझा सर्वात आवडता शोध तोच आहे. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने खेड्यांतून जमवलेली माहिती तपासली. त्यात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली गावंही होती. लेकी लांबलांबच्या गावी दिलेल्या असतील, तर वाईट वर्षातही घरातल्या खाण्यापिण्याला कमी झळ बसते, असं त्यांना दिसलं. एकाच वर्षी सगळीकडे पाऊस दगा देत नाही. व्याह्याच्या शिवारात पिकलं तर तिकडून आधार येतो. पीकविमा नव्हता तेव्हा सोयरीक हाच विमा होता.

आटपाडीकडच्या एका आजींनी मला 1972 चा दुष्काळ दोन वाक्यांत सांगितला होता. ‘लेकीच्या सासरहून कडबा आला, दोन गाड्या. बैल वाचले.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘लेकीला मात्र वर्षभर ऐकावं लागलं.’ विम्याचा हप्ता कोण भरत होतं, हे आकडेमोडीत दिसत नाही.

तुमच्या साताऱ्यातच महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढी तफावत असेल तर सोयरीक नकाशा बघूनच होणार. खानापूर-आटपाडीच्या लोकांनी तर पाण्याची वाट न बघता गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देश पालथा घातला. पुढे ‘मुलगा गलाईत आहे’ एवढ्यावर स्थळ ठरू लागलं. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथं पोचलंय, तिथं मुलीचा बाप आधी पाइपलाइन विचारतो आणि मग पत्रिका.

एजंटाने परराज्यातली मुलगी दाखवली, दीड लाख मागतोय. करावं का?
*नाव नको, कडेगाव*

नाही. पैसे देऊन माणूस आणण्याला लग्न म्हणत नाहीत, प्रकरण मानवी तस्करीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. खरंच सोयरीक करायची असेल तर तिच्या घरी स्वतः जा, वयाचा दाखला बघा, एजंटाला दूर ठेवून मुलीशी बोला, तेही तिला कळणाऱ्या भाषेत. लग्नाची नोंदणी करा. राज्यात त्यासाठी 1998 चा कायदा आहे.

माझी आजी विजापूरची, बायकोही तिकडचीच. हे ‘सीमेपलीकडचं’ लग्न कसं? आणि बायकोला इथल्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीला उभं राहता येईल का?
*एक वाचक, जत तालुका*

तुमच्या आजीच्या लग्नात सीमा नव्हतीच. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत विजापूर मुंबई राज्यातच होतं. पाहुणे आधीचे, रेषा नंतरची.

दुसरं उत्तर कडू आहे. आरक्षण जन्माच्या जातीवर आणि मूळ राज्यावर ठरतं. लग्न करून आल्याने ते इकडे लागू होत नाही. सर्वसाधारण महिला जागेवरून त्या लढू शकतात. अर्ज भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा. ऐनवेळी अर्ज बाद होताना मी पाहिलेत.

एम.ए.च्या प्रबंधासाठी परप्रांतीय सुनांचा विषय घ्यावा म्हणते. बाहेर असं कुठे झालंय? अशा मुलीचा फायदा होतो का?
*एक विद्यार्थिनी, मिरज*

तैवानमध्ये 2003 साली जवळपास तीनांतल्या एका लग्नात जोडीदार परदेशी किंवा चीनमधला होता. दक्षिण कोरियातही त्याच सुमाराला व्हिएतनामी सुना खेड्यांत आल्या. कारण आपल्यासारखंच: शिकलेल्या मुली शहरात गेल्या, शेतावरचे मुलगे मागे राहिले, दलालांनी गरीब मुलूख गाठला. हरियाणातल्या अशा लग्नांवर समाजशास्त्रज्ञ रविंदर कौर यांचं काम आहे, ते आधी वाच.

फायद्याचं म्हणशील तर घर श्रीमंत होणं वेगळं आणि तिच्या हातात काही येणं वेगळं. म्हणून प्रश्नावलीत ‘सुखी आहात का’ घालू नकोस. सासू शेजारी बसलेली असताना त्याचं उत्तर एकच मिळतं. विचार की गेल्या वर्षी माहेरी किती वेळा गेलात, तिकिटाचे पैसे कुणी दिले, मोबाइल कुणाच्या नावावर आहे, आजारी पडल्यावर पहिला फोन कुणाला केला. आणि दुपारी जा, सगळे शेतावर असताना.