‘नाही’ म्हणणाऱ्याकडेच परत जावं लागतं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा सार्वमतांवरचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण आयर्लंडने २००८ साली लिस्बन करार, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा करार, फेटाळला, ते तू ‘मतदारांचा गैरसमज’ म्हणून एका ओळीत उरकलंस. ती ओळ आधी काढ.

१२ जून २००८ ला ५३.४ टक्के मतं विरोधात पडली. ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ ही तिथली गाजलेली घोषणा. तिला अडाणी ठरवणारे पुष्कळ भेटतील. मला तीत शहाणपण दिसतं. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हे आपण पोरांना शिकवतोच की. आणि कागद तरी कसला? जुन्या करारातल्या अमुक कलमात तमुक शब्द घाला, अमका परिच्छेद वगळा, अशी दुरुस्त्यांची लांबलचक माळ. जुने करार शेजारी उघडून ठेवल्याशिवाय अर्थ लागायचा नाही. खुद्द पंतप्रधान ब्रायन कोवेन यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला नसल्याचं कबूल केलं होतं.

पुढे जे झालं त्यावर तुझा भर हवा. सरकारने पाहणी करून लोकांना कारणं विचारली. माहिती नव्हती, हे उत्तर सगळ्यात वर होतं. पण त्याखाली युरोपीय आयोगातला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळातला, आपला आयुक्त जाईल, लष्करी तटस्थता जाईल, करांवरचा ताबा सुटेल, अशा ठोस भीती होत्या. मग प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम ठेवायचं ठरलं, तेही सगळ्याच सदस्य देशांसाठी. जून २००९ मध्ये बाकीच्या मुद्द्यांवर कायदेशीर हमी मिळाली. २ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं आणि ६७.१ टक्क्यांनी होकार आला. मधल्या काळात बँका कोसळल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय हमीला देऊ नकोस.

‘हवा तो निकाल येईपर्यंत मतदान’ हा आक्षेप तुझ्यावर येणारच. त्याला उत्तर फ्रान्स-नेदरलँड्समध्ये आहे. २००५ मध्ये दोघांनी युरोपीय राज्यघटनेचा करार नाकारला, फ्रान्सने ५४.७ टक्क्यांनी, डच मतदारांनी ६१.५ टक्क्यांनी. त्यातला बराचसा ऐवज लिस्बनमध्ये आला आणि या वेळी दोन्हीकडे मंजुरी संसदेनेच दिली. कायद्याने चोख. पण ज्याने नकार दिला त्याला कुणी विचारलंच नाही. आयरिश माणसाला दुसऱ्यांदाही ‘नाही’ म्हणायची सोय होती. फ्रेंच माणसाला तेवढीही उरली नाही. मला विचारशील तर हे अधिक वाईट.

डेन्मार्कवर तू अवाक्षर काढलेलं नाहीस. १९९२ मध्ये तिथे युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिख्ट करार ५० हजारांहून कमी मतांनी पडला. युरोपीय नेत्यांच्या एडिंबरोच्या बैठकीत सामायिक चलन आणि संरक्षणासह चार बाबतींत त्यांना सवलत मिळाली आणि पुढच्या वर्षी लोकांनी करार स्वीकारला. यातली संरक्षणाची सवलत त्यांनी २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यावर, सार्वमत घेऊन आपणहून सोडली. क्रोन हे त्यांचं स्वतःचं चलन मात्र अजून त्यांच्या खिशात आहे. हा भाग आयर्लंडच्या आधी घे, आणि नवा मसुदा पाठव.

तुझा,
सर